टीप उरेब हवी: शेनीलचं पायपुसणं आणि रॅग क्विल्ट घरच्या मशीनवर

तुम्ही लिहिलंय, घरात आजीच्या दोन सुती नऊवारी आहेत, थोडं फ्लॅनेल आहे आणि जुनी काळी पायमशीन आहे. त्यातून एक शेनीलचं (थर शिवून, वरचे कापून, धुऊन फुलवलेलं केसाळ) पायपुसणं आणि सात महिन्यांच्या भाच्यासाठी रॅग क्विल्ट, म्हणजे शिवणींच्या झिरमिळ्या वर ठेवलेली चौकोनांची गोधडी, करायची आहे. पायपुसण्याचा पहिला प्रयत्न फसला. चार थर एकावर एक ठेवून सरळ टिपा मारल्या, दोन टिपांच्या मधून वरचे थर कापले आणि धुतल्यावर निम्मं सूत बादलीत उतरलं. पायपुसण्यावर टक्कल पडलं आणि एका जागी खालचं कापडही कापलं गेलं. मशीनचा दोष आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मशीनचा दोष नाही. तुमची टीपही बहुतेक चांगलीच असणार. चुकली ती दिशा. शिवणवर्गात मी हे काम शिकवते त्याला बरीच वर्षं झाली, आणि पहिल्यांदा शेनील करणाऱ्या दहांपैकी आठ जणींचं नेमकं इथेच बिनसतं. त्यामुळे आधी दिशेबद्दल सविस्तर लिहिते. ते समजलं की बाकीचं तुम्ही हातानेच शिकाल.

कापडात उभं सूत असतं आणि आडवं सूत असतं. तुम्ही उभ्या सुताला समांतर टिपा मारल्या आणि त्याच दिशेने कापलंत. आता दोन टिपांमधली ती चिंचोळी पट्टी डोळ्यासमोर आणा. तिच्यातली उभी सुतं टिपेला समांतर धावतात, त्यांना टाक्याने कुठेच पकडलेलं नाही. पाण्यात जरा चोळलं की ती एकामागून एक अख्खीच्या अख्खी निघून येतात. मागे राहतात फक्त आडव्या सुताच्या आखूड दशा, विरळ आणि लोळलेल्या. तुमचं टक्कल ते हेच. तीच टीप उरेब मारली, म्हणजे सुताला ४५ अंशांत तिरपी, तर उभं आणि आडवं अशी दोन्ही सुतं टिपेला तिरकी छेदतात. प्रत्येक सुताचा आखूड तुकडा टाक्यात अडकलेला राहतो. तो निसटू शकत नाही, नुसता टोकाशी पिंजला जातो. सगळी टोकं अशी पिंजली की कापड सुरवंटासारखं केसाळ दिसतं. शेनील या फ्रेंच शब्दाचा अर्थही सुरवंट असाच आहे. (आपल्याकडे दुकानात रजईसाठी शनील म्हणून मिळतं ते मखमलीसारखं आयतं कापड. नाव त्याच घराण्यातलं, पण आपण बोलतोय ते काम वेगळं.)

४५ अंश मोजायला कुठलीही खास पट्टी नको. कापडाचा वरचा काठ उजव्या बाजूच्या काठाशी जुळेल असा कोपरा दुमडा. जी घडी पडते ती बरोबर उरेब. तिच्यावर हलकी इस्त्री फिरवा, घडी उघडा आणि खडूने रेघ ओढा. ही एकच रेघ नीट काढायची, पुढच्या सगळ्या टिपा तिच्या आधाराने जातात. मात्र काप मुळात सरळ सुतात असायला हवा. म्हणून तुकडे कात्रीने अंदाजाने न कापता, मांजरपाट किंवा साडी असेल तर कडेला चिमूट कापून टरकवून घ्या. फाटलेली कड आपोआप सुतात येते.

आता थर. सगळ्यात खालचं कापड घट्ट विणीचं आणि मजबूत हवं, कारण तेच एकटं अख्खं राहणार. जुनी जीन्स, ड्रिल, गादीपाट यांतलं काहीही चालेल. ते आधी धुऊन आटवून घ्या. त्यावरचे थर मऊ आणि सैल विणीचे: मांजरपाट, फ्लॅनेल, जुनी सुती साडी, पंचा. सुती साडीसारखं पातळ कापड असेल तर पाच थर, मांजरपाट असेल तर चार, फ्लॅनेल असेल तर तीन पुरेत. रेयॉनच्या जुन्या कुर्त्या टाकून देऊ नका. रेयॉन शेनीलमध्ये इतकं दाट आणि मऊ फुलतं की मी तरी एक थर त्याचा घालतेच. पॉलिएस्टर, टेरीकॉट आणि जॉर्जेट बाजूला ठेवा. त्यांच्या दशा निघतात, पण फुलत नाहीत. घट्ट विणीचं पॉपलिनही निराश करतं.

वरचे थर मी आधी धूत नाही. खालचं कापड आटलेलं आणि वरचं न आटलेलं असलं की पहिल्या धुण्यात कापलेल्या पट्ट्या आकसतात, फटी रुंदावतात आणि आतले थर वर डोकावतात. याला अपवाद दोन. मांजरपाटाला खळ फार असेल तर रात्रभर पाण्यात घालून ती काढून टाका, नाहीतर टोकं ताठ राहतात. आणि गडद रंगाचं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्यावर रंग आला तर ते कापड रंग जाईस्तोवर धुवा. लाल काठाने पांढरे थर गुलाबी केलेले मी पाहिलेत, नंतर त्यावर उपाय नसतो.

रंगांची गंमत तुमच्या साड्यांमुळे खास होईल. छापील कापडाची मागची बाजू फिकी असते, त्यामुळे फुलल्यावर रंग धुवट दिसतो. सुतालाच रंग दिलेलं कापड आतबाहेर सारखं असतं. आणि धूपछाव साडी असेल, म्हणजे उभं सूत एका रंगाचं आणि आडवं दुसऱ्या, तर उरेब कापल्यावर प्रत्येक दशेत दोन्ही रंग सुटे सुटे दिसतात. साडीच्या अंगावर जो रंग फक्त हलल्यावर चमकायचा तो इथे कायमचा उघडा पडतो. थरांच्या क्रमात सगळ्यात भडक रंग वर ठेवू नका, वरून दुसरा किंवा तिसरा ठेवा. फटीतून तो रेघेसारखा उठतो. एकदा वीतभर नमुना करून, धुऊन बघा आणि मगच मोठं काम मांडा. हा नमुना टाळणाऱ्यांना मी वर्गात पुढे जाऊ देत नाही.

पायपुसणं तयार १८ बाय २४ इंच हवं असेल तर सगळे थर २० बाय २६ कापा, टिपांनी कापड आवळतं. थर एकावर एक ठेवून हाताने कच्चे टाके घाला, वीतभर अंतरावर. टाचण्यांवर भागवू नका. उरेब दिशेत कापड रबरासारखं ताणतं आणि मशीनचे दाते खालचा थर पुढे नेत असताना वरून कापड दाबणारा बूट वरचा थर मागे ढकलत राहतो. तुमच्या काळ्या मशीनवर बुटाच्या दांडीच्या वर एक फिरवायचा स्क्रू असतो, तो थोडा सैल करा. दाब कमी झाला की थर सरकत नाहीत. सरळ टिपेसाठी ही जुनी मशीन नव्या हलक्या मशीनपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते. सुई १६ नंबरची, खाली जीन्स असेल तर १८ ची, आणि ती नवी हवी. टीप उडायला लागली की बहुतेक वेळा बोथट सुईच कारण असते. दोरा पॉलिएस्टरचा घ्या. सुती रीळ जुनं असेल तर टीप दोन वर्षांत कुजते, आणि या कामात सगळा भार टिपेवरच आहे. टाका बारीक, इंचाला दहा ते बारा.

पहिली टीप मधल्या तिरप्या रेघेवर. मग तिच्या उजवीकडच्या सगळ्या टिपा एकाच दिशेने, वरून खाली. उजवी बाजू पूर्ण झाली की काम फिरवून दुसरी बाजू. एक टीप खाली आणि पुढची वर अशी नागमोडी नेली तर दोन टिपांमध्ये कापडाला मुरड पडते, आणि तीच मुरड पुढे कात्रीत अडकून खालच्या थरापर्यंत घाव जातो. दोन टिपांमधलं अंतर तीन सूत ठेवा (मापातलं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पाव इंचात कात्रीचं टोक शिरत नाही, अर्ध्या इंचाच्या पुढे पट्टी उभी न राहता आडवी पडते. अर्धा इंच हीच शेवटची हद्द. प्रत्येक टिपेच्या दोन्ही टोकांना दोन-तीन टाके उलट मारा आणि सगळं झाल्यावर चारी बाजूंनी कडेपासून पाव इंचावर एक टीप घाला.

आता कात्री. तुमचं खालचं कापड जिथे कापलं गेलं, तिथे कात्री बहुधा टोकदार होती आणि आत काही घातलेलं नव्हतं. मी जुन्या एक्स-रे फिल्मची दोन सूत रुंद, लांब पट्टी कापून ठेवली आहे. ती खालच्या कापडाच्या आणि वरच्या थरांच्या मधून सारायची आणि कात्रीची खालची पात तिच्यावर टेकवून चालवायची. पट्टी पुढे सरकते, कात्री मागून येते. पहिलं टोक उघडताना घाई करू नका. चिमटीत वरचे थर उचलून, किती थर हातात आलेत ते मोजून मगच छेद द्या. चार आलेच पाहिजेत तिथे पाच आले तर खालचंही हातात आहे. कात्रीचं टोक बोथट आणि पाती धारदार हव्यात. या कामासाठी गोल पात्याचं खास कटर मिळतं, पण वर्षाला एखाद-दुसरं पायपुसणं करणाऱ्याने ते घेऊ नये असं माझं मत. आणि काप दोन टिपांच्या बरोबर मध्ये. एका टिपेकडे झुकला तर त्या बाजूची पट्टी आखूड होते आणि टाक्यातून सुटते.

आधीचं फसलेलं पायपुसणंही फेकू नका. भोकाच्या मागे ड्रिलचं ठिगळ ठेवून वरून जुन्याच टिपांवर पुन्हा टिपा मारा. शेनील मात्र त्यात आता येणार नाही.

यानंतर कडेला उरेब पट्टी लावायची आणि मग पहिलं धुणं. हे धुणं म्हणजे शिवणकामाचाच अर्धा भाग. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावाजवळ कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीने १८९५ साली एक पलंगपोस केला. चादरीच्या कापडावर जाड सुताचे टाके घातले, वरून ते कापले आणि मग कापड गरम पाण्यातून काढलं. कापड आटलं, टाक्याभोवती आवळलं आणि कापलेलं सूत जागच्या जागी फुललं. १९०० साली असा एक पलंगपोस तिने अडीच डॉलरला विकला, पुढे त्या भागातल्या घराघरांत हे काम सुरू झालं आणि शेनीलचे पलंगपोस म्हणून ते ओळखले जाऊ लागले. डाल्टनचा आजचा गालिच्यांचा मोठा उद्योग त्यातूनच वाढला. तिची रीत आपल्याहून वेगळी होती, तिथे सूत वरून घातलं होतं, आपण कापडाचंच सूत मोकळं करतो. पण फुलवायचं काम दोन्हीकडे पाणीच करतं.

परदेशातल्या पद्धतींत धुऊन ड्रायरमध्ये टाका असं सांगितलेलं असतं. आपल्याकडे बहुतेक घरांत ड्रायर नाही आणि त्यावाचून अडतही नाही. पायपुसणं जुन्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, मग मशीनमध्ये किंवा बादलीत कोमट पाण्याने धुवा. पिंज खूप निघते. अभ्रा नसेल तर ती मशीनच्या नळीत आणि मोरीच्या जाळीत जाऊन बसते. धुऊन पिळलं की दोन्ही टोकं धरून जोरात झटका, अर्धवट वाळू द्या, मग कपडे घासायच्या कडक ब्रशने टिपांना आडवं घासा. पुन्हा उन्हात टाका आणि पूर्ण वाळल्यावर परत झटका. पहिल्या धुण्यात जेमतेम निम्मंच फुलतं, तिसऱ्या धुण्यानंतर खरं रूप येतं. हे पहिलं धुणं पावसाळ्यात मुळीच करू नका. पाच थर आतून ओले राहतात, वास धरतात, आणि कोकणात तर काळे ठिपके पडतात ते जात नाहीत.

रॅग क्विल्टचं तंत्र याच्या मानाने सोपं आहे, मेहनत मात्र जास्त. इथे चौकोन सरळ सुतातच कापायचे. मग सूत निघून टक्कल का पडत नाही? कारण इथे शिवणीबाहेर अर्धा इंच कापड सोडून त्याला शिवणीच्या काटकोनात बारीक बारीक काप द्यायचे असतात. शिवणीला समांतर असलेली सुतं तुकड्या-तुकड्याने गळून जातात, आडवी सुतं शिवणीत पक्की धरलेली असतात आणि त्यांच्याच झिरमिळ्या उभ्या राहतात. ते सूत गळणं इथे हवंच असतं.

हिशेब सांगते. तयार आकार ३ फूट बाय ४ फूट धरू. ७ इंचांचे चौकोन कापले आणि अर्धा इंच शिवण सोडली तर तयार चौकोन ६ इंचांचा होतो. रुंदीला ६ आणि लांबीला ८, असे ४८ घर. प्रत्येक घराला वरचा आणि खालचा मिळून दोन चौकोन, म्हणजे ९६. फ्लॅनेलचा पन्हा, म्हणजे रुंदी, ३६ इंच असेल तर एका ओळीत ५ चौकोन बसतात, २० ओळी लागतात, म्हणजे १४० इंच. आटणं आणि कापातली नासधूस धरून ४ मीटर घ्या. मधल्या थराला जुन्या ब्लँकेटचे किंवा फ्लॅनेलचेच साडेपाच इंचांचे ४८ चौकोन. ते मुद्दाम लहान, म्हणजे शिवणीत येत नाहीत आणि जाडी वाढत नाही.

दोन चौकोन उलट्या बाजू आत, सुलट्या बाहेर असे ठेवायचे, मध्ये भरण, आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात फुलीची टीप. मग घरं एकमेकांना जोडताना मागच्या बाजू एकमेकींना लावायच्या, म्हणजे शिवणीची कड वरच्या अंगाला येते. नेहमीच्या शिवणीची सवय इतकी मुरलेली असते की निदान एक तरी शिवण उलटी पडतेच. प्रत्येक ओळ जोडली की उलटून बघा. दोन ओळी जोडताना कोपऱ्यावर आठ थर येतात. तिथे कड दोन्हीकडे उघडून बोटाने दाबा आणि मशीन हाताने चाक फिरवून पार करा. शेवटी बाहेरच्या चारी कडांना अर्ध्या इंचावर दुहेरी टीप.

या एवढ्या आकारात शिवणींची लांबी बाहेरची कड धरून ६६० इंच भरते. इंचाला तीन काप धरले तर जवळजवळ दोन हजार काप. एका बैठकीत करू नका, अंगठ्याचा सांधा आठवडाभर दुखतो. मी तीन-चार संध्याकाळी वाटून घेते आणि स्प्रिंगची छोटी कात्री वापरते. काप शिवणीच्या एक सूत अलीकडे थांबला पाहिजे. चुकून टाका कापला गेलाच तर तिथल्या तिथे खडूने खूण करा आणि धुण्याआधी त्यावर टीप मारा. धुतल्यानंतर ते भोक झिरमिळ्यांत सापडत नाही, सापडतं तेव्हा मोठं झालेलं असतं. जीन्सचे चौकोन घ्यायचे असतील तर शंभर टक्के सुती जीन्स बघून घ्या, ताणली जाणारी जीन्स नीट दशा सोडत नाही.

आता भाच्याबद्दल. सात महिन्यांच्या बाळासाठी रॅग क्विल्ट करू नका, हे माझं स्पष्ट सांगणं आहे. झिरमिळ्यांचं सूत पहिली काही धुणी गळत राहतं. या वयाचं मूल हाती येईल ते तोंडात घालतं, आणि सुटा धागा बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना जड, सैल पांघरूण अंगावर घालू नयेच. क्विल्ट जरूर करा, चार-पाच वेळा धुऊन ठेवा आणि तो तीन वर्षांचा झाला की द्या.

आत्ता त्याच्यासाठी आजीच्या साडीचं दुपटं करा, दिवसा जमिनीवर खाली अंथरायला. साडी दोन्ही अंगठ्यांत धरून हलकं ताणून बघा. चर्रकन फाटली तर ती शेनीलमध्ये कापायच्या लायकीची राहिलेली नाही, कापल्यावर टाक्याशीच तुटेल. दुपट्यात मात्र तीच साडी आणखी टिकते, कारण धावदोरा बोटा-बोटावर असतो आणि ताण सगळ्या थरांत वाटला जातो. चार थर करा, कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत आत मध्यापर्यंत या, आमच्याकडच्या बायका वाकळ शिवतात तसं. टाके हातानेच घाला. दोन साड्यांपैकी जी धड निघेल तिचा अंगाचा भाग शेनीलला वापरा, विरलेली दुपट्याला.

काठ मात्र दोन्ही कामांत आधी उसवून किंवा कापून वेगळा करा. काठाची वीण दाट असते, तो फुलत नाही आणि अंगाच्या मानाने वेगळा आटतो. साधा सुती काठ असेल तर पायपुसण्याच्या कडेला उरेब पट्टीऐवजी तोच दुमडून लावता येतो, कडा सरळ असल्याने बसतो छान. रेशमी किंवा जरीचा असेल तर लावू नका. दोन धुण्यांत तो आवळतो आणि पायपुसण्याचे कोपरे वर उचलले जातात.